प्रामाणिक कोपरा

“बाई, ही अंगठी सापडली,” वैजयंता म्हणाली.

सव्वीस जानेवारीची सकाळ होती. झेंडावंदनाला अजून पाऊण तास होता. मी शाळेच्या पायरीपुढे बसून रांगोळीतल्या अशोकचक्राचे आरे मोजत होते आणि तिसऱ्यांदा ते तेवीसच भरत होते. समोर स्वच्छ धुतलेला, इस्त्री नसलेला गणवेश, तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या आणि पुढे केलेली मूठ. मूठ उघडली तेव्हा आत पिवळ्या खड्याची जाडजूड अंगठी होती.

“कुठं सापडली?”

“टाकीपाशी. नळाखाली फरशीची फट हाय न्हवं, तितं.”

ती फट मला ठाऊक होती. अंगठी कोणाची हे ठाऊक होतं. ती तिथं कोणी टाकली आणि नऊच्या सुमाराला ती कोणाला सापडायची आहे, हेही मला आदल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. काहीच ठाऊक नव्हतं ते एकट्या वैजयंताला. रस्त्यात काही पडलेलं दिसलं की ती उचलून माझ्याकडे आणायची, कारण सापडलेली वस्तू बाईंकडे आणून द्यावी असं मीच तिला जूनपासून शिकवत होते.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि कुरणवाडीच्या दोनशिक्षकी शाळेत माझं दुसरं वर्ष चाललं होतं. पहिली-दुसरी नलावडे गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. उन्हाळ्यात तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. मुलांना रागावू नका, चांगलं वागलं की तिथल्या तिथं बक्षीस द्या, वागणूक आपोआप सुधारते, असं तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं. तीन दिवस त्यांनी हेच सांगितलं, आणि कोणी शंका विचारली की त्याला रागावले.

मला मात्र ते मनापासून पटलं होतं. माझ्या वर्गात पेन्सिलींवरून रोज मारामाऱ्या व्हायच्या. एकाची हरवायची, दुसऱ्याच्या दप्तरात निघायची, तिसरा साक्षीदार म्हणून मार खायचा. म्हणून जूनमध्येच मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली आणि वर लिहिलं, ‘प्रामाणिक कोपरा’. ज्याला वस्तू सापडेल त्यानं ती माझ्याकडे द्यायची. मी ती वर्गात उंच धरायची. ज्याची असेल त्यानं ओळखून घ्यायची. मालकानं ओळखली की आणून देणाऱ्याचं नाव कोपऱ्यात लिहायचं आणि दिवसभर त्याच्या छातीवर पिवळी फीत लावायची. फिती मी माझ्या एका जुन्या साडीच्या काठाच्या केल्या होत्या. मालकानं ओळखायची अट मी मुद्दाम घातली होती. नाहीतर पोरं रस्त्यावरचे खडे आणून देतील, अशी मला भीती होती. बघा मी किती हुशार होते.

पहिल्या आठवड्यात तीन वस्तू सापडल्या. महिन्याभरात मारामाऱ्या थांबल्या. गणपतीपर्यंत रोज पाच-सहा वस्तू सापडू लागल्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तर परिपाठाचा निम्मा वेळ त्यातच जाऊ लागला. पट्ट्या, खोडरबर, रिबिनी, एकदा तर एकाच दिवशी चार कंपासपेट्या.

नलावडे गुरुजींची निवृत्ती तीन वर्षांवर आली होती आणि त्यांना आता कशाचं नवल वाटत नसे. पण एक दिवस तेही हजेरीवरून मान वर करून म्हणाले, “बाई, हे गाव एवढं वेंधळं कधीपासून झालं?”

त्याचं उत्तर मला त्याच आठवड्यात मिळालं. शाळेमागच्या बांधाआड माझ्या वर्गातली दोन पोरं बसली होती, संपत आणि मंगल. मी भिंतीच्या अलीकडे होते.

“काल माझी पट्टी तुला घावली,” संपत म्हणत होता. “आज तुझं रबर मला घावाय पायजे.”

“रबर नगं. ते दोनदा घावलंय. बाई वळखत्याल.”

“मंग दप्तर हरव.”

“सगळं?”

“सगळं. दप्तराला टाळ्या जास्त पडत्यात.”

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून मी तशीच मागे फिरले. तेव्हाच दोघांचे कान धरले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांनी शेरेबुकात ‘अनुकरणीय उपक्रम’ असं लिहिलं होतं, आणि माझ्या उपक्रमाचा अहवाल तालुक्याहून जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचा होता. आता मध्येच कुठं हे उकरून काढायचं? शिवाय पोरं भांडत तरी नव्हती. उलट हरवण्याच्या निमित्तानं त्यांच्यात चांगला सलोखा झाला होता. असं मी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावणं फार सोपं असतं, समोरचा लगेच पटवून घेतो.

या सगळ्या देवघेवीत एकटी वैजयंता कुठं नव्हती. ती त्याच वर्षी चौथीत आली होती. आईबरोबर मामाच्या वस्तीवर राहायची आणि दोन मैल चालत यायची. गावात तिचं जवळचं कोणी नव्हतं, त्यामुळे तिच्यासाठी वस्तू हरवणारंही कोणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर हा व्यवहार तिला कळलाच नव्हता. तिला वाटायचं, सगळ्यांना खरोखरच सापडतं. म्हणून ती दोन मैल खाली मान घालून, रस्ता न्याहाळत यायची.

तिला सापडायचं तेही काय? एका पायाची चप्पल. बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. खुरप्याची मूठ. मी वस्तू उंच धरायची, वर्ग एकमेकांकडे बघायचा, ओळखणारं कोणी नसायचं. एकदा ती चक्क शेळीचं करडू काखेत घेऊन आली. करडाचा मालक मागोमाग आलाच. मी आनंदानं खडू उचलला. तो म्हणाला, “सापडलं व्हय? ते रोजच तितं बसतंय.” मी खडू खाली ठेवला. नियम म्हणजे नियम.

जानेवारी आला तरी कोपऱ्यात तिचं नाव एकदाही लागलं नव्हतं. एका मधल्या सुट्टीत मी वर्गात डोकावले तर ती एकटीच फळ्यापाशी टाचा उंच करून उभी होती आणि त्या चौकटीत, खडू न घेता, नुसत्या बोटानं आपलं नाव लिहीत होती. माझी चाहूल लागताच तिनं हात फ्रॉकला पुसला. हाताला काही लागलेलंच नव्हतं.

आता अंगठीचं.

अंगठी तात्या शेडग्यांची होती. तात्या गावचे माजी सरपंच आणि आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांचा नातू हर्षवर्धन माझ्याकडे तिसरीत होता. त्याचंही नाव कोपऱ्यात नव्हतं, पण कारण वेगळं होतं. त्याला सगळ्यांचं सापडायला हवं असे, पण स्वतःचं काही हरवायची त्याची तयारी नसे. अशा माणसाशी व्यवहार कोण करणार? पोरांनी त्याला वाळीतच टाकलं होतं.

पंचवीस तारखेला संध्याकाळी मी पताका लावत होते तेव्हा तात्या आले.

“बाई, तुमच्या त्या कोपऱ्यात पार भिकाऱ्या-टुकाऱ्याचं नाव लागलं. आमच्या हर्षूचं न्हाई.”

“त्याला काही सापडलं की लागेलच, तात्या.”

“उद्या सापडंल. उद्या माझी अंगठी हरवणार हाय.”

मी स्टुलावरून खाली उतरले. तात्यांनी बोट पुढे केलं. “ह्यो पुष्कराज. जोशीबुवांनी बजावलंय, बोटातनं क्षणभर काढायचा न्हाई म्हणून. पर नातवासाठी काढतो. रातीच टाकीच्या नळाखाली फटीत ठिवून जातो. उद्या तालुक्याच्या साहेबांचं भाषण झालं की मी हाकाटी करतो, हर्षू जातो, घिऊन येतो, साहेब फीत लावत्यात. तुमचा उपक्रम साहेबांना डोळ्यानं दिसतो, आमच्या पोराचं नाव लागतं. कुणाचं काय वाईट हाय ह्यात?”

“अहो, पण हे बरं दिसत नाही. मुलं काय म्हणतील?”

“पोरं?” तात्या हसले. “तुमच्या वर्गात रोज काय चालतंय ते म्हाईत न्हाई व्हय मला? हर्षू घरी येऊन समदं सांगतो. मी कुटं काय बोललो का कुणाला?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी पुन्हा स्टुलावर चढले आणि पताका लावू लागले. तात्यांनी तो होकार धरला, आणि तो होकारच होता.

तर अशी ती अंगठी, आणि ती वैजयंताच्या तळहातावर. तिचा चेहरा मला अजून दिसतो. या वस्तूला मालक असणार याची तिला खात्री होती. वर्षभरात पहिल्यांदाच.

“तात्यांची हाय,” ती म्हणाली. “त्यांच्या बोटात बघितलीया मी. ते येतीलच आता. वळखत्याल.”

“वैजयंता,” मी आवाज खाली आणला, “तू असं कर. ही होती तिथं परत ठेवून ये.”

तिला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. “परत ठिवू?”

“हो.”

“का?”

“ज्यांची आहे ते बघतील.”

“पर त्यास्नी कसं कळंल तितं हाय ते? दुसऱ्या कुणी घेतली म्हंजे?”

“कोणी घेत नाही. तू ठेव. आणि हे कोणाला सांगायचं नाही. अगदी कोणाला म्हणजे कोणाला नाही. कळलं?”

तिनं तळहातावरच्या अंगठीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, “मग कोपऱ्यात नाव?”

“ते बघू नंतर.”

तिनं मूठ मिटली आणि गेली. मी रांगोळीकडे वळले. चोविसावा आरा कुठं बसवायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

विस्तार अधिकारी कारखानीस साहेब बरोबर आठला आले. झेंडावंदन झालं. साहेब बोलायला उभे राहिले. भाषणात ते प्रत्येक दोन वाक्यांच्या मध्ये डोळे मिटत, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटे आता संपलं. असं बरेचदा वाटून झाल्यावर ते खरंच संपलं. “या शाळेत कोणतीही वस्तू हरवत नाही,” ते शेवटी म्हणाले, “कारण इथला विद्यार्थी ती शोधून देतो.”

टाळ्या चालू असतानाच तात्या उठले आणि त्यांनी डावा हात उंच केला.

“अरं, माझी अंगठी. माझी अंगठी कुटं पडली?”

तात्यांच्या अंगात नाटकाचा काही गुण नव्हता, पण गावाला तेवढं पुरलं. बायकांत कुजबुज झाली. पोरं एकदम ताठ बसली. हर्षवर्धन कोणी काही म्हणायच्या आत उठला, कोणालाही काही न विचारता थेट टाकीकडे पळाला आणि नळाखाली ओणवा झाला. साहेब कौतुकानं बघत होते.

हर्षवर्धन बराच वेळ ओणवा राहिला. मग गुडघ्यावर बसला. मग त्यानं वळून आजोबांकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. “न्हाई हितं. तुमी तर म्हणला व्हता—”

“अरं, नीट बघ,” तात्या घाईघाईनं ओरडले आणि स्वतःच धावले. त्यांनी फटीत बोट घातलं, मग काडी घातली. मोरीत हात घातला. परत आले तेव्हा धोतराचा सोगा चिखलानं भरला होता आणि तोंडचं पाणी पळालं होतं. माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले, “बाई, खरंच हरवली की वो.”

मग सगळं गाव शोधायला लागलं. चपला उलट्या झाल्या, जिलेबीची टोपली हलवून बघितली गेली, कोणी तरी साहेबांना खुर्चीवरून उठवून खुर्चीखाली पाहिलं. फक्त चौथीच्या रांगेत वैजयंता हाताची घडी घालून जागची हलली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं तसं तिनं हळूच टाकीच्या वरच्या कठड्याकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे.

माझ्या ध्यानात आलं. नळाखाली पोरं पाय धुवत होती, मोरीचं पाणी वाहत होतं. तिथं ठेवली तर वाहून जाईल, म्हणून तिनं ती वर ठेवली असणार. माझा जीव भांड्यात पडला. आता हे गुपचूप मिटवायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं, आणि मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली.

“वैजयंता,” मी म्हणाले, “तू बघ बरं जरा.”

दुसरी एखादी पोर असती तर तिनं इकडं तिकडं बघितल्यासारखं केलं असतं. या कोपऱ्यानं बाकीच्यांना तेवढं नक्की शिकवलं होतं. वैजयंता उठली, सरळ टाकीकडे गेली, नळावर पाय देऊन चढली, कठड्यावरचा एक चपटा दगड उचलला आणि अंगठी आणून तात्यांच्या हातात दिली. सगळ्याला मिळून मिनिटही लागलं नसेल.

टाळी एकही पडली नाही.

“दगडाखाली?” मागून एका बाईचा आवाज आला. “अंगठी आपल्या पायानं दगडाखाली जाती व्हय?”

“हिला बरं नेमकं ठावं,” दुसरी म्हणाली.

तात्यांनी अंगठी बोटात घातली. ते माझ्याकडे बघत नव्हते, मी त्यांच्याकडे बघत नव्हते. साहेब पुढे आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी वैजयंताच्या डोक्यावर हात ठेवला.

“बाळ, घाबरू नकोस. अंगठी त्या दगडाखाली तू ठेवली होतीस?”

“व्हय.”

“केव्हा?”

“सकाळी.”

“का ठेवलीस?”

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोणाला सांगायचं नाही असं बाईंनी सांगितलं होतं, आणि साहेब झाले तरी कोणीतरीच. तिनं ओठ घट्ट मिटले आणि झेंड्याच्या काठीकडे बघत उभी राहिली.

साहेबांनी डोळे मिटले. या खेपेला मला खरंच वाटलं की सगळं संपलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि सभेकडे वळले.

“मोह झाला,” ते म्हणाले. “कोवळं वय आहे. मोह कोणाला होत नाही? पण मित्रहो, या मुलीनं काय केलं? आपण होऊन उठली. सर्वांसमक्ष वस्तू काढून दिली. विचारल्यावर एकदाही नाही म्हणाली नाही. सापडलेली वस्तू परत करणं सोपं आहे. घेतलेली परत करायला धैर्य लागतं. हा खरा प्रामाणिकपणा.”

“साहेब,” मी म्हणाले. “साहेब, ते तसं नाही. म्हणजे—”

“घोलप बाई, तुम्ही काही बोलू नका,” साहेब हात जोडून म्हणाले. “हे तुमच्या उपक्रमाचं यश आहे. मी आजवर असं पाहिलं नाही.”

मी बोलायला हवं होतं. माझ्याकडे वाक्य तयार होतं, चार शब्दांचंच होतं, ‘मीच तिला ठेवायला सांगितली.’ पुढचे प्रश्नही मला दिसत होते. का सांगितली? मग तात्या. मग बांधाआडचं सगळं. मग अहवाल. नलावडे गुरुजी लेझमाच्या पेटीवर बसून माझ्याकडे बघत होते. मी मूग गिळून उभी राहिले. नंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं की साहेबांनी मला बोलूच दिलं नाही. ते खोटं आहे. त्यांनी मला चांगली दोन मिनिटं दिली. तेवढ्यात ते चष्मा पुसत होते.

फीत मीच आणून दिली. साहेबांनी ती वैजयंताच्या छातीवर लावली. आता टाळ्या पडल्या, आणि चांगल्या कडकडून पडल्या, कारण चोर सापडला होता, अंगठी मिळाली होती, वर चोराचं भलंही झालं होतं. एकाच कार्यक्रमात गावाला याहून जास्त काय हवं? साहेबांच्या सांगण्यावरून मी वर्गात जाऊन कोपऱ्यात नाव लिहिलं, ‘वैजयंता’. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

सत्तावीस तारखेला परिपाठ झाला आणि माझ्या टेबलापुढे रांग लागली. अकरा पोरं.

“काय रे?”

“बाई,” पहिला हर्षवर्धन होता, “अंगठी मीच चोरली व्हती.”

“मी मंगलची पट्टी चोरली,” मागून संपत म्हणाला. “ती गेल्या म्हयन्यात. पर मला आता लई वाईट वाटतंय.”

“माझी न्हाई चोरली ह्यानं,” मंगल म्हणाली. “मी ह्याचं दप्तर चोरलं. सगळं.”

एकानं गुरुजींची सायकल चोरल्याचं सांगितलं. ती बाहेर भिंतीला टेकून उभी होती. सगळ्यांचे डोळे माझ्या टेबलावरच्या पिवळ्या फितींवर होते. खुर्चीत बसून मी एकेकाचा कबुलीजबाब ऐकत होते. त्या खोलीत कबूल करण्यासारखं खरोखर काही होतं ते एकटीकडे, आणि ती रांगेत नव्हती. मी सगळ्यांना जागेवर पाठवलं आणि पाढे म्हणायला लावले.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर वैजयंता मागे थांबली. छातीवर फीत नव्हती. ती तिनं घडी करून माझ्या टेबलावर ठेवली.

“बाई, माझं नाव पुसा.”

“अगं, तुला तर हवं होतं ना?”

“मामीनं मला सैपाकघरात यायचं न्हाई म्हणून सांगितलंय. डबं मोजून ठिवलं तिनं. मी घेतली नव्हती. तुमाला म्हाईत हाय.”

“हो. मला माहीत आहे.”

“मग?”

मी उठले, ओलं फडकं घेतलं आणि नाव पुसलं. मग उरलेला कोपराही पुसला, चौकटीसकट. वैजयंता बघत होती. तिला त्यानं समाधान झालं असं काही दिसलं नाही. नाव फळ्यावरून गेलं तरी गावातून कसं जाणार, हे चौथीतल्या पोरीला कळत होतं. मला कळत नव्हतं असं नाही. मी तिच्या मामीकडे जाऊन खरं सांगायचं ठरवलं. रविवारी जाणार होते. मग पुढच्या रविवारी.

तात्यांना एकदा मी म्हटलं, “आपण दोघांनी सांगून टाकलं पाहिजे.” ते अंगठी फिरवत म्हणाले, “सांगू की. पर तुमचा निकाल लागू द्या अगुदर.” निकाल मार्चमध्ये लागला. जिल्ह्यात माझ्या उपक्रमाला दुसरा क्रमांक मिळाला. अहवालात साहेबांनी स्वतःच्या हातानं एक परिच्छेद घातला होता, ‘चोरी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या वर्तनात झालेला बदल’. नाव त्यात नव्हतं, फक्त ‘कु. वै.’ एवढंच होतं. त्या अहवालाखाली सही माझी आहे.

प्रशस्तिपत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले तर वर्गाची किल्ली सापडेना. पर्स उलटी केली, पिशवी झटकली. पोरं पायरीवर खोळंबली. कोणी उठून शोधायला लागलं नाही, कारण आता त्याला फीत नव्हती. अर्धा तास मी आल्या वाटेनं एसटीच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आले. शेवटी फाटकाच्या आतच, वाटेच्या मधोमध, धुळीत किल्ली पडलेली दिसली. लाल दोरा बांधलेली. तिच्या दोन्ही बाजूंनी पोरांच्या पावलांचे ठसे गेले होते.

वैजयंता वस्तीवरून त्याच फाटकानं यायची आणि बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी यायची. मी कुलूप काढता काढता सहज विचारलं.

“वैजयंता, तुला येताना किल्ली दिसली नाही?”

“दिसली की.”

“मग आणून का नाही दिलीस?”

तिनं दोन्ही हात पुढे केले, तळवे उघडे करून, मला नीट दिसावेत असे.

“म्या हात न्हाई लावला, बाई,” ती म्हणाली. “मंगलला इचारा. ती व्हती संगं.”